ढगोबाची हजेरी

सोमवार, ३ फेब्रुवारी

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने भिंतीवरचं एक घड्याळ दिलं आणि भांडारातल्या माणसाने गुपचूप एक कोरी दुरुस्तीवही दिली. "साहेब, तुमची सवय काही सुटायची नाही," म्हणाला. चौतीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या आणि चौतीस वर्षं अशाच वह्या भरल्या. रकाने छापलेले आहेत: बिघाड, कारण, उपाय. खाली दोन सह्या, एक मिस्त्रीची आणि एक सोबत असलेल्याची. दोन महिने वही कपाटात पडून होती. आज काढली, कारण जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुत्रा कधी खातो, कधी खात नाही, सगळं लिहून ठेवा.

बिघाड: कुत्रा जेवत नाही. सप्टेंबरात अठ्ठावन्न किलो होता, आज एक्कावन्न.
कारण: माहीत नाही.
उपाय: अजून नाही.

कुत्रा माझा नाही. लेकीने आणला, मला न विचारता. डोंगरातले मेंढपाळ कळप राखायला ही जात पाळतात. आणला तेव्हा उशीएवढा होता. "थोडासा मोठा होईल, बाबा," म्हणाली होती. आता मागच्या पायांवर उभा राहिला की माझ्या खांद्यांवर पंजे ठेवून गप्पा मारायच्या बेतात असतो. पांढरे केस घरभर, लाळ पायपुसण्यांवर. हिने, म्हणजे बायकोने, परवा विचारलं, झाडून निघालेल्या केसांत अजून एक कुत्रा तयार होईल का हो? वर हुकूम ऐकायची रीत नाही. "बस" म्हटलं की आधी माझ्याकडे बघतो, मग त्यावर विचार करतो.

नाव लेकीनेच ठेवलं, ढगोबा. साठीच्या माणसाने भर रस्त्यात ही हाक मारावी हे काही मला जमणारं नाही. मी "ए" म्हणतो.

लेक सप्टेंबरात घर सोडून गेली. एका खोलीत भाड्याने राहते म्हणे. तिथे एवढं जनावर ठेवू देत नाहीत, म्हणून तो इथे. यापुढचं लिहायला या वहीत रकाना नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

निरीक्षण. संध्याकाळी सातला दिवे लागले की हा उठतो. आधी स्वयंपाकघरात जाऊन हिच्या साडीला नाक लावतो. मग माझ्या खुर्चीपाशी येऊन माझा गुडघा हुंगतो. मग लेकीच्या खोलीत जातो. तिथे बराच वेळ असतो. बाहेर येतो, पुढच्या दारात बाहेर तोंड करून आडवा पडतो आणि तिथून हलत नाही. भांडं त्याच्यापुढे नेऊन ठेवलं तर दोन घास खातो, तेही ही शेजारी बसून बोलत राहिली तर.

मी विचारलं, "काय बोलतेस त्याच्याशी?"

"काही नाही," ही म्हणाली. "येईल म्हणते."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज भांडं चाटून पुसून लख्ख! दोनदा मागून घेतलं. हजेरी घेतली, लेकीच्या खोलीत डोकावून लगेच परत फिरला आणि स्वयंपाकघरात चारही पाय वर करून घोरत पडला. दाराकडे गेलासुद्धा नाही.

आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट काय, तर मधूनच येणारा आणि मधूनच जाणारा बिघाड. लिफ्ट पूर्ण बंद पडली तर बरं असतं, सापडतं तरी. आज काय वेगळं झालं ते शोधलं. दुपारी ही त्याला लांब फिरवून आणते, दर गुरुवारी. बाकी दिवशी मी नेतो, कोपऱ्यापर्यंत. म्हणजे व्यायाम कमी पडतोय. सरळ आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

उपाय: लांब फिरवणे.

काल आणि आज त्याला तळ्यापर्यंत नेऊन आणलं. खरं तर त्यानेच मला नेलं. माझे गुडघे बोलायला लागले. संध्याकाळी मी दोन ताटं जेवलो आणि तो दारात आडवा, भांडं भरलेलं.

ही हसत होती. मग हसायची थांबली आणि तिने माझ्या गुडघ्याला तेल लावलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कुत्रा फाटकातून बाहेर पळाला. आमच्या फाटकाची कडी अवघड आहे. एका हाताने फाटक उचलून धरायचं आणि दुसऱ्या हाताने कडी सरकवायची. नुसतं ओढलेलं असेल तर हा नाकाने ढकलून उघडतो. मी घरात आल्यावर फाटक ओढलं होतं, हाताला पक्कं आठवतंय. त्यानंतर पोस्टमन येऊन गेला. त्यानेच उघडं टाकलं असणार. उद्या सांगतो त्याला.

मी चपला शोधत होतो, तेवढ्यात ही निघालीसुद्धा. अर्ध्या तासात त्याला घेऊन आली. "सापडला लगेच," म्हणाली. नशीब तिचं. शहर एवढं मोठं, आणि ही सरळ गेली आणि सरळ आली.

संध्याकाळी त्याने भांडं साफ केलं. आज गुरुवार नव्हता! माझ्या सिद्धांताचा बोऱ्या वाजला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

त्याला विंचरताना मानेच्या केसांत दोऱ्यांचे तुकडे सापडले. एक लाल, दोन निळे. मागच्या गुरुवारीही एक हिरवा होता, तेव्हा लक्ष दिलं नव्हतं.

हिला विचारलं. "शिंप्याकडे टेकले होते जरा," म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. दर गुरुवारी शिंप्याकडे? पण बायकांच्या शिलाईच्या कामात मी कधी डोकं घातलं नाही, आता काय घालायचं.

पोस्टमनला बोललो. तो म्हणाला, काल तो या गल्लीत आलाच नव्हता. माणसं किती सहज खोटं बोलतात.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज लेकीचा वाढदिवस. हिने सकाळपासून भांडी जरा जास्तच आपटली. दुपारी लेकीच्या खोलीत गेलो, तर हा तिच्या पलंगाजवळ बसलेला. मला बघून सरकला, जागा केली. मी बसलो थोडा वेळ.

लिहूनच टाकतो, इथे वाचतंय कोण.

लेक माझ्याच हाताखाली शिकाऊ म्हणून लागली होती. कंपनीतली पहिली मुलगी. हात चांगला, आवाज ऐकून पुलीचं दुखणं सांगायची. मला अभिमान होता. तिला कधी सांगितलं नाही, डोक्यावर बसू नये म्हणून. ऑगस्टमध्ये एका इमारतीत गच्चीवरच्या मशीनच्या खोलीचं दार उघडं सापडलं. मशीन चालू आणि दार सताड उघडं! तपासणीचा अधिकारी नेमका त्याच दिवशी आला. सकाळी तिथे आम्ही दोघंच होतो. काम संपल्यावर मी तिला हत्यारांची पेटी देऊन पुढे पाठवलं आणि दार स्वतः ओढलं. हाताला आठवतंय. खाली आल्यावर ती म्हणाली, टॉर्च राहिला, आणि परत वर गेली. म्हणजे दार तिनेच उघडं टाकलं. मी वहीत तसं लिहिलं. बिघाड: दार उघडे. कारण: शिकाऊचा निष्काळजीपणा. सही केली आणि वही तिच्यापुढे सरकवली. तिने वाचलं आणि दुसरी सही केली. महिन्याभरात तिची नोकरी गेली.

त्या दिवशी घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "लिहायच्या आधी एकदा विचारायचं होतंत, बाबा."

मी म्हणालो, "सही तूच केलीस ना?"

ती उठली आणि बॅग भरायला गेली. मी चुकीचं काही लिहिलं नव्हतं. आपलं माणूस म्हणून वेगळं लिहिलं असतं, तर चौतीस वर्षांच्या वह्या खोट्या पडल्या असत्या. तरी आज तिच्या पलंगावर बसलो तेव्हा तिची उशी झटकून नीट ठेवली. फार आठवण येते. बस, एवढंच.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे. पन्नास किलो. रक्त, दात, पोट, सगळं ठीक. त्यांनी वही मन लावून वाचली (सोळा तारखेचं पान मी चिमट्याने बंद केलं होतं) आणि म्हणाल्या, "काका, ही जात घरात माया लावणारी आहे, पण पाळणाऱ्याला समजून घ्यावं लागतं. हे कुत्रे पिल्लू असताना कळपातच झोपतात, कळपातच वाढतात. हुकमाची वाट बघत बसत नाहीत, कारण डोंगरात हुकूम द्यायला कुणी नसतं. त्यांचं काम एकच, संध्याकाळी सगळी डोकी आत आहेत ना ते बघायचं. तुमच्या घरात किती डोकी?"

"दोन," मी म्हणालो.

"त्याच्या हिशेबाने किती?"

मी वहीचा चिमटा नीट केला. हिने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

बाई म्हणाल्या, महिन्याभरात वजन वाढलं नाही, तर त्याला एखाद्या मेंढपाळाकडे द्यायचा विचार करा. डोंगरात एकजण घ्यायला तयार आहे. कळप मिळाला की खाईल.

येताना गाडीत हा मागच्या सीटवर बसून आमच्या दोघांच्या मधून समोर बघत होता, तोंड माझ्या खांद्यावर. शर्ट ओला झाला. मी तोंड बाजूला केलं नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

फाटक पुन्हा उघडं, कुत्रा पुन्हा पसार. या वेळी मी हिला बोललो. भाजी घेऊन तीच शेवटी आली होती, असं माझं म्हणणं. तिचं म्हणणं, ती आल्यानंतर मी कचरा टाकायला बाहेर गेलो होतो.

"पण मी येताना फाटक ओढलं!"

"ओढलं असेल," ही म्हणाली. "तीस वर्षं ओढताच आहात."

याचा अर्थ मला कळला नाही. ती गेली आणि पाऊण तासात कुत्र्याला घेऊन आली. डोळे लाल होते. म्हणाली, धूळ फार आहे बाहेर. कुत्रा पोटभर जेवला आणि ती जेवली नाही.

मंगळवार, ४ मार्च

ही काल बहिणीकडे गेली, परवा सकाळी येईल. घरात मी आणि हा. दुपारी चारला दूध घेऊन आलो, फाटक ओढलं, आत येऊन चहा ठेवला. चहा उकळला तेव्हा अंगण रिकामं.

आज पोस्टमन नाही, ही नाही, कुणी नाही.

चपला घालून धावलो. कोपऱ्यावरच्या चांभाराने बसल्या जागेवरून हात केला. "मोठा पांढरा ना? गेला की, नेहमीच्या रस्त्याने. आज गुरुवार नाही, बाईही नाहीत सोबत, म्हटलं एकटाच कसा काय!"

"नेहमीचा रस्ता कुठला?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "शिलाई मशीनवाल्यांकडचा."

दोन वळणं, मग एक चढ, मग जुन्या गोदामांची ओळ. तिसऱ्या गाळ्याच्या उंबऱ्यात हा आडवा पडला होता, आमच्या दारात पडतो तसाच. आत शिवणयंत्रं मांडलेली आणि एक मुलगी यंत्राच्या पोटात तोंड घालून बसलेली. फरशीवर रंगीत दोऱ्यांचा कचरा. तिने मान वर केली तेव्हा कळलं, ही आपलीच लेक. तिला चष्मा लागलाय. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी रस्त्याच्या या बाजूला विजेच्या खांबाला धरून उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. घड्याळ होतं हातात, बघितलं नाही. मग परत फिरायला लागलो. इतका भित्रा मी कधी झालो?

कुत्र्याने मला पाहिलं. उठला, रस्त्याच्या मधोमध आला आणि थांबला. माझ्याकडे बघायचा, मग तिच्याकडे. दोघांपैकी कुणाकडेच जाईना. एक रिक्षा करकचून थांबली. माझ्या तोंडातून आपोआप हाक गेली, "ढगोबा!"

भर रस्त्यात. सगळ्यांसमोर.

तो आला. ती गाळ्याच्या दारापर्यंत आली, हाताला तेल लागलेलं. मी त्याचा पट्टा धरला.

"फाटकाची कडी लावत जा, बाबा," ती म्हणाली. रागाने नाही. एवढंच बोलून आत गेली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

फाटकापाशी उभा राहून मी माझ्या हाताकडे बघितलं. बाहेर गेलो, आत आलो. दहादा केलं. दहाही वेळा हाताने फाटक ओढलं आणि पाय पुढे चालू लागले. हात कडीकडे जातच नाही. त्याला ठाऊकच नाही की तिथे कडी आहे.

मग आठवलं. चौतीस वर्षं माझ्या एका हातात पेटी असायची. मी दार ओढायचो आणि पुढे व्हायचो, मागून येणारा कडी लावायचा. कामावर शिकाऊ आणि घरी ही. मी कधी मागे वळून बघितलं नाही, कारण ती लागलेलीच असायची.

आणि त्या दिवशी मी लेकीला पेटी देऊन पुढे पाठवलं होतं. माझ्या मागे कुणीच नव्हतं.

मी ओढलं होतं. खरंच ओढलं होतं. हाताला तेवढंच आठवत होतं.

ढगोबा दारात आडवा आहे. मी त्याच्याशेजारी फरशीवर बसून लिहितोय. जेवलो नाही. त्यानेही खाल्लं नाही.

गुरुवार, ६ मार्च

ही सकाळी आली. मी म्हणालो, "आज त्याला मी नेतो. रस्ता माहीत आहे." तिने पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत बसून तोंडाला पदर लावला. सहा महिने दर गुरुवारी हिने हे एकटीने ओढलं. मी तिला एवढंच म्हणालो, "मला सांगायचं नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी?"

वही काखेत घेऊन गेलो. वाटेत तीन वाक्यं पाठ केली होती. गाळ्यात पोचलो आणि तिन्ही विसरलो. ढगोबा सरळ आत जाऊन तिच्या पायावर बसला, त्यामुळे तिला उठून जाता येईना. नाही तर गेली असती, असं वाटतं.

मी विचारलं, "टॉर्च कुठे होता?"

तिने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"जिन्यावर," ती म्हणाली. "खालून चौथ्या पायरीवर. मी दारापर्यंत गेलेच नाही."

"मग सही का केलीस?"

"तुम्ही लिहिलं होतं." तिने चष्मा काढून शर्टाला पुसला. "मला वाटलं, कडी माझं काम. माझं काम राहिलं. तुम्ही पुढे पाठवलंत हे नंतर लक्षात आलं. तोपर्यंत मी घर सोडलं होतं. मग म्हटलं, त्यांचं त्यांना कळेल तेव्हा कळेल."

मी म्हणालो, "फार उशीर केला मी."

मी वही उघडून तिच्यापुढे ठेवली. काल लिहिलेलं पान. बिघाड: मशीनच्या खोलीचे दार उघडे राहिले. कारण: मी. खाली माझी सही. कंपनीलाही हेच पत्र पाठवलंय, तेही सांगितलं.

तिने वाचलं. "'मी' हे कारण नाही होत, बाबा," म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत. नक्की काय राहिलं ते लिहायचं, नंतर वाचणाऱ्याला कळलं पाहिजे."

मी तिथेच बसून लिहिलं: मिस्त्रीने दार ओढले, कडी लावली नाही, मागे वळून पाहिले नाही, विचारले नाही.

"नोकरी परत नकोय मला," ती म्हणाली. "ही यंत्रं बरी आहेत." मग, यंत्राकडे बघत, "दुसरी सही आज नाही करत. रविवारी बघू."

"रविवारी कुठे?"

"घरी," ती म्हणाली, जणू मला साधी गोष्ट समजत नाही.

शनिवार, ८ मार्च

हिने लेकीची खोली दोनदा झाडली. मी फाटकाच्या कडीला तेल घातलं. आता एका हाताने सरकते. ढगोबा आमच्या दोघांच्या मागे मागे. त्याला काय कळलंय कोण जाणे. संध्याकाळी मात्र हजेरी घेऊन पुन्हा दारातच पडला. त्याचा आमच्या बोलण्यावर विश्वास नाही, डोकी दिसली पाहिजेत. आली नाही तर, हा विचार आज शंभरदा आला.

रविवार, ९ मार्च

अकराला फाटक वाजलं. मी खुर्चीतून उठलो नाही. ढगोबा उठला. ती आत आली, फाटक ओढलं, मागे वळून कडी लावली. तो आवाज मी इतकी वर्षं ऐकत होतो, आणि कशाचा ते मला माहीत नव्हतं.

जेवताना ही बोलत होती, ती बोलत होती, मी ऐकत होतो. वहीत दुसरी सही झाली. नाव लहान अक्षरात, खाली रेघ न ओढता, शिकाऊ असताना करायची तशीच.

सातला दिवे लावले. ढगोबा स्वयंपाकघरात गेला, मग माझ्या गुडघ्याशी आला, मग तिच्याशी. तिच्या तळहातात नाक घालून थांबला. मग भांड्याकडे गेला आणि शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्लं.

त्यानंतर ती पर्स घेऊन उठली. उद्या काम आहे, लवकर निघायला हवं. तिच्या खोलीवर ती जाणारच होती, हे आम्हाला माहीत होतं. दारापर्यंत गेली, तर ढगोबा उंबऱ्यात आडवा. या वेळी तोंड आतल्या बाजूला.

"ऊठ रे," ती म्हणाली. तो उठला नाही. तिने ओलांडायचा प्रयत्न केला, तर पन्नास किलोचं अंग त्याच बाजूला सरकलं. तिने माझ्याकडे बघितलं. "बाबा, तुम्ही सांगा ना त्याला. तुमचं ऐकतो म्हणे आता."

खरंच ऐकतो. परवापासून मी "ढगोबा, ऊठ" म्हटलं की उठतो.

मी त्याला काही सांगितलं नाही.